पोथीत नसलेली गोष्ट

“मग काय, मारायला हवं होतं मी तिला?” दिगंबरबुवांनी विचारलं.

माय ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“मार, असं मी म्हटलं का?”

“नाही. पण चांगलं केलंस, असंही म्हणत नाही.”

दगड खाली आला. टरफल फुटलं. मायने गर काढून परातीत टाकला आणि पुढची चिंच घेतली.

बुवा खालच्या पायरीवर बसले होते. उन्हं वर आली होती, तरी त्यांनी अजून तोंडात पाणी घातलं नव्हतं.

पैनगंगेच्या काठचा हा मठ लहानसा. दोन खोल्या, एक ओटा, पुढे अंगण. माय इथली गुरू. ऐंशी कधीच ओलांडलेली. तिचं खरं नाव गावात कुणाला आठवत नव्हतं. दिगंबरबुवा तिचे शिष्य. सातव्या वर्षी पोरके होऊन मठात आले, ते इथेच वाढले, इथेच पोथ्या शिकले. आता त्यांचं कीर्तन आठ-दहा गावांत होई. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कानाशी हात न्यावा लागत नसे.

रविवारी सकाळी ते गावातल्या मुलांचा वर्ग घेत. वीस-पंचवीस मुलं येत. बुवांनी आजवर एकाही मुलावर हात उचलला नव्हता. हे ते स्वतः सांगत, आणि ते खरंही होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, वर्ग सुटता सुटता, ते घडलं.

मठातल्या मांजरीने सरपणाच्या खोलीत पिल्लं घातली होती. हौसा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने त्यातलं एक उचललं, प्रसादाच्या रिकाम्या पितळी डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. पिल्लू आतून ओरडू लागलं. मुलांना गंमत वाटली. एकेकाने डब्याला कान लावला. कुणी डबा हलवला, कुणी वरून टिचक्या मारल्या. हौसा झाकणावर हात दाबून बसली आणि पाळीपाळीने सगळ्यांना ऐकू देत राहिली.

मग आतला आवाज थांबला.

बुवांनी तिला मारलं नाही. सगळ्या मुलांना ओळीने बसवलं, मेलेलं पिल्लू मधोमध ठेवलं आणि एक गोष्ट सांगितली. जो एखाद्या जिवाला मारतो, त्याचं घर तो जीव शोधत येतो. त्याच घरात जन्म घेतो. आपण त्याला ओळखत नाही. तो आपल्याला ओळखतो.

एकही मूल हललं नाही.

त्या दिवसापासून गावातल्या पोरांनी कुत्र्यावर दगड उचलला नाही. मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाऊ लागली. छडीने जे झालं नसतं ते गोष्टीने झालं, असं बुवा पुढे कीर्तनातही सांगू लागले.

हौसाच्या आईला, सगुणाला, तेव्हा सहावा महिना होता.

आज सकाळी तीच सगुणा मठाच्या पायरीशी आली होती. बाळंतपणाला सव्वा महिना झाला नव्हता. अजून घराबाहेर पडायचे दिवस नव्हते. कानाला फडकं गुंडाळून, भिंतीला धरत धरत ती आली आणि विटाळ नको म्हणून पायरीखालीच उभी राहिली. मायने तिला हाताला धरून वर घेतलं, ओट्यावर बसवलं, गुळाचं पाणी दिलं.

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. घरात मुलगा झाला म्हणून सगळी खूश होती. हौसा मात्र पहिल्या दिवसापासून बाळाजवळ जाईना. बाळ रडलं की कानात बोटं घालायची. तान्हं मूल पहिले काही दिवस मांजराच्या पिल्लासारखंच रडतं, हे बायकांना माहीत असतं. तिला कोण सांगणार? बारशाला पाळण्याची दोरी ओढायला बोलावलं तर मागच्या दाराने पळून गेली. घरच्यांना वाटलं, भावाचा हेवा करते. आजी तिला दोनचार शब्द बोललीही. नवरा हातमाग सोडून तिच्या मागे फिरेना. दिवस तसेच गेले.

काल दुपारी सगुणाला झोप लागली होती. जाग आली तेव्हा घरात हौसा नव्हती. गल्लीत नव्हती, नदीवर नव्हती. शेवटी सासूला ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीजवळ चप्पल दिसली. कोठी रिकामी होती. झाकण आतून ओढून घेतलेलं होतं. उघडलं तेव्हा पोर घामाने भिजलेली, ओठ निळे पडलेले.

शुद्धीवर आल्यावर तिने एवढंच विचारलं होतं, की आता बाळ माझ्यावर रागावणार नाही ना?

सगुणाने कोठीला दोरखंड बांधून टाकला होता. पण घरात हंडे होते, पेट्या होत्या, मागे आड होता. एका हातात तान्हं, आणि दुसरीकडे नजर कुठवर ठेवणार?

“बुवा, तुमी तिच्या मनात घातलं,” ती जाताना म्हणाली होती. “आता तुमीच काढा.” तिचा आवाज चढलेला नव्हता. भांडायला आली असती तर बुवांना सोपं गेलं असतं.

बुवांनी तिला धीर दिला होता. संध्याकाळपर्यंत अंगारा आणि दोरा घेऊन येतो म्हणाले होते. पिल्लाच्या नावाने नदीवर दोन फुलं वाहायची, सात मांजरांना दूध पाजायचं, मुलीच्या मनगटात दोरा बांधायचा आणि सांगायचं, की जीव सुटला, गेला, आता येणार नाही. त्यांनी मनात सगळी मांडणी केली होती. फक्त अंगारा मायच्या हातचा हवा होता.

आणि माय तो देत नव्हती.

“दोरा बांधला तर ती विश्वास ठेवेल,” बुवा म्हणाले.

“ठेवेल.”

“मग?”

“ठेवेल, तेच तर.”

बुवा तिच्याकडे वळून बसले.

“मी काय जाऊन सांगू तिला, की मी खोटं बोललो? उद्या वीस मुलं म्हणतील, बुवा खोटं बोलतात. परवा गाव म्हणेल. आणि ती पुन्हा दगड उचलतील, पिल्लं डब्यात घालतील. ते चालेल तुम्हाला?”

“बुवांची गादी हलेल,” माय म्हणाली.

“गादीचा प्रश्न नाही.”

“थोडा आहे.”

बुवांनी मान खाली घातली. … थोडा होता.

मायने चिंचोके बाजूला सारले.

“डबा कुणी उघडला होता?”

“तिनेच.”

“मग?”

“मग पिल्लू घेऊन माझ्याकडे आली.”

“दुसरी पोरं?”

“ती पळाली होती. अंगणात लपली होती.”

“हौसा नाही पळाली?”

“नाही.”

“काय म्हणाली तुला?”

बुवांना आठवावं लागलं. त्या दिवसाबद्दल ते अनेकदा बोलले होते, पण हा भाग त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. कुणी विचारलाही नव्हता.

“म्हणाली… बुवा, हे उठत नाही.”

“रडत होती?”

“मी नीट बघितलं नाही.”

“हातात धरून आणलं होतं, की शेपटीला धरून?”

“दोन्ही हातांत. ओंजळीत.”

मायने दगड एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“माय, बोला ना काहीतरी.”

“ओंजळीत घेऊन आली तुझ्याकडे,” माय म्हणाली. “आणि तू सगळ्यांना ओळीत बसवलंस.”

मठासमोरच्या रस्त्याने कुणीतरी सायकलवर गेलं, बुवांना राम राम घातला. बुवांनी हात वर केला, पण कोण होतं ते पाहिलं नाही.

“ती गोष्ट,” माय म्हणाली, “कुठल्या पोथीतली?”

“पोथीतली?” बुवा गोंधळले. “तुम्हीच सांगितली होती मला.”

“ते मला आठवतं. पोथी कुठली, ते विचारते.”

बुवा पोथ्या जाणणारे होते. मठातल्या दोन्ही पेट्या त्यांनी वाचून काढल्या होत्या. दुसऱ्या मठांतून मागून आणलेल्याही. त्यांनी मनातल्या मनात एकेक पान उलटलं. जन्म होते, मरणं होती, कर्माची फळं होती. पण हे… घर शोधत येणं, आणि ते ओळखणं…

“मला नाही सापडली अजून,” ते म्हणाले. “शोधली मी. कीर्तनात आधार द्यावा लागतो. मला वाटलं, माझंच वाचन कमी पडतंय.”

“किती वर्षं शोधलीस?”

“पहिल्यापासूनच.”

“नाही सापडायची.”

मायने दगड खाली ठेवला. हात चिंचेने चिकट झाले होते. लोट्यातलं पाणी घेऊन तिने ते सावकाश धुतले, पदराला पुसले.

“मठात येऊन तुला दोन महिने झाले असतील,” ती म्हणाली. “एक होला यायचा इथे. माझ्या हातचे दाणे खायचा. दुसऱ्या कुणाच्या हातचे खायचा नाही. मला त्याचा फार अभिमान होता. साधुबाईच्या हातचं पाखरू खातं, म्हणून लोक बघायला यायचे.”

“माहीत आहे,” बुवा हळूच म्हणाले.

“तू गलोलीने पाडलास.”

“हो.”

“आणि सदऱ्यात गुंडाळून माझ्याकडे आणलास. म्हणालास, माय, हा उडत नाही.”

बुवांनी वर पाहिलं.

“मला फार राग आला होता,” माय म्हणाली. “एक थोबाडीत दिली असती तर ती चार दिवसांत विसरला असतास. ते चांगलं झालं असतं असं नाही. पण विसरला असतास. माझा हात वर गेलाही होता. तेवढ्यात मनात आलं, लोक म्हणतात, माय कुणाला मारत नाही. … म्हणून गोष्ट सांगितली. तिथेच बसून रचली. बोलता बोलता सुचत गेली. तुझा चेहरा उतरत गेला, तशी मी आणखी सांगत गेले.”

मायने चिंचांची परात बाजूला सरकवली.

“आणि तू दिवाळीनंतर येऊन म्हणालास, की तुमचीच गोष्ट सांगितली, पोरं कशी गप्प झाली बघा. तेव्हाच बोलायला हवं होतं. मला लाज वाटली. मी तुझ्याकडे पाणी मागितलं, आणि तू आणून दिलंस.”

“माय,” बुवा म्हणाले, “तू हे आत्ता सांगतेस?”

कीर्तनाला उभे राहू लागल्यापासून बुवांनी तिला कधी तू म्हटलं नव्हतं. म्हटल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“अडतीस वर्षांनी सांगतेस?”

“हो.”

माय भिंतीला हात टेकून उठली. एकेक पायरी उतरली. बुवांना वाटलं, अंगारा आणायला आत जायचं असेल, चुकून इकडे वळली. ते आधार द्यायला उठू लागले. तिने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. मग त्यांच्या समोर, अंगणातल्या मातीत, ती गुडघे टेकून बसली आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

बुवांनी पाय ओढून घेतले.

“हे काय करतेस? मला पाप लागेल.”

“कुठल्या पोथीत आहे?”

“माय, ऊठ.”

“चुकले मी, दिगू.”

ती उठेना. बुवाच खाली उतरले. मातीत तिच्यासमोर बसले. दोघं तशीच बसून राहिली. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर कोण गुरू आणि कोण शिष्य, ते कळलं नसतं.

काही वेळाने मायने विचारलं, “लग्न का केलं नाहीस?”

“आता ते कशाला?”

“सांग.”

“संसारात मन नव्हतं.”

“मुलगी बघून आला होतास. सुपारी फुटायची बाकी होती. दोन दिवस घरी-दारी गुणगुणत होतास. मग एकाएकी नाही म्हणालास.”

बुवा मातीत बोट फिरवू लागले.

“गावाने म्हटलं, वैरागी आहे. मीही म्हटलं. चार ठिकाणी मिरवलं मी, की माझा शिष्य हाती आलेला संसार सोडून बसला.”

“भीती वाटली,” बुवा म्हणाले.

“कशाची?”

“कोण जन्माला येईल, त्याची.”

मायने डोळे मिटून घेतले.

“मला तो होला दिसायचा,” बुवा म्हणाले. “अजून दिसतो. कीर्तनाला लोक लेकरं पायांवर घालायला आणतात. मी लांबूनच अक्षता टाकतो. लोकांना वाटतं, बुवा सोवळं पाळतात.” ते थोडं हसल्यासारखे झाले. “एक बाई एकदा म्हणाली, बुवांनी लेकराकडे बघितलं सुद्धा नाही, इतकं वैराग्य.”

माय हसली नाही.

“माय, तू आत्ता सांगितलंस, ती गोष्ट खोटी. मला पटलं. तू कशाला खोटं सांगशील? पण ती… इथून जात नाही.” त्यांनी छातीवर हात ठेवला. “मी पंचेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस. माझी जात नाही. ती तर आठ वर्षांची आहे. तिला मी नुसतं खोटं आहे म्हणून सांगितलं, तर ती तोंडाने हो म्हणेल. आणि परत कुठे जाऊन बसेल?”

“हो,” माय म्हणाली. “नुसतं सांगून जात नाही.”

“मग तू सांगतेस तरी काय? दोरा नको. सांगूनही उपयोग नाही.”

माय त्यांच्याकडे पाहत राहिली. गुरूकडे उत्तर असतं, असा तिच्याही शिष्यांचा समज होता. इतकी वर्षं तिने तो मोडला नव्हता.

“मला नक्की ठाऊक नाही,” ती म्हणाली. “ठाऊक असतं तर तुझं केलं नसतं का?”

बुवा उठले. धोतराची माती झटकली, पण ती नीट गेली नाही. त्यांनी मायला हात देऊन उठवलं आणि पुन्हा ओट्यावर बसवलं. मग आत जाऊन पाणी प्यायले. बाहेर आले तेव्हा खांद्यावर उपरणं नव्हतं. कपाळावरचं गंध पुसलं गेलं होतं.

“जातो,” ते म्हणाले. “ती काय विचारेल ते विचारेल.”

“जा.”

ते अंगणातून फाटकापर्यंत गेले. तिथे थांबले.

“सगुणा बाळ कुठे ठेवते गं? पाळण्यात, की जवळ घेऊन बसते?”

“पाळण्यात असेल. का?”

“काही नाही.”

“दिगू.”

ते वळले.

“तिच्याशी बोलण्याआधी बाळ मांडीवर घे,” माय म्हणाली. “तिच्यासमोर घे.”

बुवांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हजारो माणसांपुढे टाळ धरलेले ते हात. त्यांनी ते उपरण्यात लपवू पाहिले, पण उपरणं खांद्यावर नव्हतं.

“मी कधी कुणाचं लेकरू घेतलं नाही, माय.”

“ठाऊक आहे.”

“माझे हात थरथरतील.”

“थरथरू देत,” माय म्हणाली. “तिला दिसू देत.”